आमची माणसं वर आहेत

माझ्या जावेच्या भावाइतका रिकामा माणूस निपाणीपासून सदलग्यापर्यंत शोधून सापडायचा नाही, आणि त्याच्याइतका कामात बुडालेला माणूसही सापडायचा नाही. गल्लीतले बाकीचे पुरुष वखारीत, बाजारात नाहीतर कोल्हापूरच्या गाडीत असायचे, तेव्हा हा खुर्चीत ताठ बसून पृथ्वी वाचवत असायचा. पृथ्वी वाचवायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या कामाला पगार नव्हता, सुट्टी नव्हती, आणि माझ्या जावेच्या म्हणण्याप्रमाणे लाजही नव्हती. तरी त्यानं ते वर्षानुवर्षं नेमानं केलं. मी कुणाला उगाच चांगलं म्हणणारी बाई नव्हे. माझ्या नवऱ्यालाही मी तो असेपर्यंत चांगलं म्हटलं नाही. पण ह्या माणसाला म्हणते, आणि लिहून ठेवते.

तो मूळचा सदलग्याचा. बहिणीच्या आधारानं निपाणीत आला आणि आमच्या दारासमोरची खोली भाड्यानं घेऊन त्यानं कॉम्प्युटरचा क्लास काढला. पोरंपोरी यायची, टकटक करायची, सर्टिफिकेट घेऊन जायची. गल्ली त्याला मास्तर म्हणू लागली. पुढं ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला आणि क्लास ओस पडला. एकेक यंत्र विकलं गेलं. शेवटी एकच राहिलं, जाड पाठीच्या पडद्याचं. मागून बघितलं तर म्हैस बसल्यासारखं दिसायचं. ते विकायला मात्र तो तयार होईना, कारण त्यात त्याचा खेळ होता. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "आक्का, ही एवढी मोहीम होऊ द्या." ती मोहीम व्हायचं काही नाव घेईना, आणि मुली दाखवणारे एकेक करून दमले.

हा खेळ म्हणजे अर्धा सिनेमा आणि अर्धी मारामारी. आकाशात, चंद्राच्याही पलीकडं, एक गावाएवढं मोठं जहाज असतं. त्यातून छोटी लढाऊ विमानं सुटतात आणि बेडकाच्या तोंडाच्या शत्रूशी लढतात. शत्रूची तोंडं रबराची होती, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. जहाजसुद्धा पुठ्ठ्याचं असावं, दार लावलं की भिंत हलायची. पण माणसं खरी होती, सिनेमातल्यासारखी. बोलायची, हसायची, एकमेकांवर चिडायची. लढाई झाली की सिनेमाचा तुकडा यायचा, तुकडा संपला की पुन्हा लढाई. गंमत अशी, की मधेच कप्तान आपल्याकडं बघून काहीतरी विचारायचा आणि थांबायचा. पडद्यावर दोन उत्तरं उमटायची. आपण जे उत्तर देऊ तशी पुढची गोष्ट वळायची. लढाईत जिंकलं तर एका वाटेनं, हरलं तर दुसऱ्या. आपल्या बाजूनं उडणारा जोडीदार मेला, तर पुढच्या तुकड्यात त्याची पेटी आकाशात सोडायचे, सगळे सलाम करायचे, आणि तो माणूस पुन्हा कधी दिसायचा नाही.

ह्यातला मुख्य लढवय्या म्हणजे आपण. पडद्यावर तो उंच, गोरा, भुऱ्या केसांचा दिसायचा. आमचा मास्तर बुटका, काळा, आणि केस म्हणाल तर कानांपुरते. पण त्याला त्यात काही खटकायचं नाही. "काल मी कप्तानाला सरळ सांगितलं," असं तो तंबाखूच्या दुकानात सांगायचा, आणि दुकानदाराला वाटायचं मास्तरचा कुणीतरी मिलिटरीतला पाहुणा आहे. इंग्रजी त्याला वाचण्यापुरतं यायचं, भरभर बोललेलं कळायचं नाही. तरी तो आम्हाला सगळं मराठीत सांगायचा, आणि पडद्यावरचा माणूस गप्प झाला तरी ह्याचं सांगणं सुरूच असायचं. नावं त्यानंच ठेवलेली. एक होता बारका, नुकती मिसरूड फुटलेला. एक दाढीवाला. एक रुसका, तो कायम भिंतीला टेकून उभा असायचा. विमानं दुरुस्त करणारी एक बाई होती, ती मेस्त्रीणबाई.

आमच्याकडं घरात शिरताना माणूस पायताण बाहेर काढतो. हा खेळायला बसताना बाहेरून बूट आत आणायचा आणि घालायचा. "जहाजावर अनवाणी कोण असतंय?" कप्तान बोलायला लागला की हा उठून उभा राहायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लोक कोयते, तराजू, मोटारसायकली पुजतात, तसा हा खेळाचा दांडा पुजायचा. दांडा म्हणजे विमान वळवायची मूठ, तिच्या पोटाशी बंदुकीचा घोडा. एका दसऱ्याला त्यानं भक्तीच्या भरात हळदकुंकू इतकं घातलं की ते फटीत उतरून बसलं, आणि तिथून पुढं विमान जरा डावीकडं ओढायला लागलं. तेही त्यानं सांभाळून घेतलं. सणाच्या दिवशी मात्र लढाई बंद. मी विचारलं, "अरे, पण शत्रूला कुठं दसरा हाय?" तर म्हणाला, "नसंल. म्हणून तर ती हरत्यात."

त्याचा खरा शत्रू बेडूकतोंडे नव्हते, करंट होता. ऐन लढाईत लाईट गेली की सगळं गेलं. एकदा वारं सुटलं, दिवे मिचमिचायला लागले, आणि ह्यानं घाबरून वीजवाल्यांना फोन लावला. तिकडं कानडी माणूस. हा कानडीत म्हणाला, "नम्म मंदी म्याल अदार्री! स्वल्प करंट नोडरी!" म्हणजे, आमची माणसं वर आहेत, जरा करंटचं बघा. आता वीजवाल्याला 'माणसं वर' म्हणजे खांबावर, दुसरं काय वाटणार? त्या भल्या माणसानं जीव वाचवायचा म्हणून आमच्या भागाची लाईट त्या क्षणी बंद केली. शिवाय शिडी घेऊन दोघंजण धावत आले. खांबाखांबावर माना वर करून माणसं शोधत फिरत होते. मास्तर खोलीच्या दारात बूट घालून उभा, चेहरा उतरलेला. एकानं विचारलं, "कुठं हाईत तुमची माणसं?" ह्यानं आकाशाकडं बोट केलं. गल्ली आठवडाभर हसत होती.

आम्ही गल्लीतल्या बायका विड्या वळणाऱ्या. दुपारी मास्तरच्या दाराच्या कट्ट्यावर सावली असते, म्हणून आम्ही सूप मांडीवर घेऊन तिथं बसायचो. पान कातरायचं, तंबाखू घालायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. ह्याला डोळे लागत नाहीत. ज्या बाईला हाताकडं बघून विडी वळावी लागते ती अजून शिकते आहे, असं आम्ही म्हणतो. डोळे मोकळे, म्हणून ते पडद्याकडं जायचे. मास्तरनं पडदा दाराकडं वळवला आणि कप्तानाच्या प्रश्नांची उत्तरं आमच्यावर सोपवली. एकदा रुसक्यानं हुकूम मोडला, एकटाच शत्रूच्या मागं गेला. कप्तानानं विचारलं, ह्याला काय करावं? मास्तरनं खेळ तिथंच थांबवून आमच्याकडं तोंड केलं.

"बोला. माफी का शिक्षा?"

माझी जाऊ म्हणाली, "दादा, त्येची आई हाय का?"

"आई न्हाय दाखवली."

"मग माफ कर. बिनआईचं लेकरू."

"लेकरू कसलं! घोडा झालाय," मी म्हटलं. "शिक्षा कर. आज ह्यो गेला, उद्या बारका जाईल त्येच्या मागनं."

"आक्कांचं काळीज दगडाचं," कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली. "मास्तर, त्येचं लगीन झालंय का ते बघा आदी. लगीन झालेल्याला पुढं धाडू नये."

असा वाद दुपारभर चालायचा, हात थांबायचे नाहीत. मास्तर सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि ज्या बाजूला बायका जास्त ते उत्तर द्यायचा. रुसक्याला माफी मिळाली. त्यानं पुढच्याच लढाईत दाढीवाल्याचा जीव वाचवला, आणि जाऊ आठ दिवस माझ्याशी जिंकल्यासारखी बोलत होती.

पण मोहीम संपत का नव्हती, ते सांगायचं राहिलं. मास्तरचा एक नियम होता. आपल्या बाजूचा एकही माणूस मरता कामा नये. लढाई जिंकली, पण कोपऱ्यात कुठंतरी बारक्याचं विमान पेटलं, की हा जिंकलेली लढाई सोडून द्यायचा आणि तीच पुन्हा पहिल्यापासून लढायचा. एकेका लढाईत त्याचा पावसाळा जायचा. खेळाच्या डब्यात बऱ्याच तबकड्या होत्या, त्यातली शेवटची त्यानं कधी यंत्रात घातलीच नव्हती. मी म्हटलं, "अरे, लढाई म्हटली की माणसं मरणार." तो म्हणाला, "मरत्यात की. माझ्या हातनं नकोत." त्याची सगळी माणसं जिवंत होती, आणि ह्या गोष्टीचा त्याला केवढा अभिमान! लोक मुलाबाळांचं सांगतात तसा सांगायचा.

अशात माझ्या अंगावरनं वारं गेलं. सकाळी चूल पेटवायला बसले आणि उजवा हात माझा नसल्यासारखा मांडीवर पडला. तोंडही वाकडं झालं होतं. दवाखान्यात नेलं, औषधं झाली. तोंड लवकर सरळ झालं आणि बोलणं परत आलं, ह्याचं माझ्या सुनेला जरा वाईट वाटलं असावं. पाय ओढत का होईना चालायला लागला. हात मात्र येईना. डॉक्टर चांगला होता. त्यानं स्पष्ट सांगितलं, "हात मेलेला नाही, विसरलाय. रोज हलवायला पाहिजे. कंटाळलात तर तो असाच राहील." पिळायला रबराचा चेंडू दिला. मी त्या चेंडूकडं बघायची, हाताकडं बघायची, आणि 'पीळ' म्हणायची. हात ऐकायचा नाही. मी लहानपणापासून विड्या वळलेली बाई. त्या हातानं मुलं वाढवली. आता सून घास भरवायची, जाऊ लुगडं नेसवायची, आणि दुसरी बाई निऱ्या घालते तेव्हा आपण कुठं बघावं हे कुणी शिकवलेलं नसतं. मी चेंडू गटारीत टाकला. असं जगण्यापेक्षा गेलेली बरी, असं मी चारचौघांत म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

तरी दुपारी कट्ट्यावर जायची. घरात बसून सुनेचं तोंड बघण्यापेक्षा ते बरं. हट्टानं सूपही मांडीवर घ्यायची, जरी त्यात नुसती पानं पडून असायची. एके दिवशी लढाई रंगात आली होती. बारक्याच्या मागं बेडूकतोंडे लागले आणि सगळ्या बायका ओरडल्या. मीही मान वर करून बघितलं. लढाई संपली तेव्हा मास्तर पडद्याकडं नाही, माझ्याकडं बघत होता.

"आक्का, तुमी पान उचललासा."

"गप बस. थट्टा करू नगंस."

"आईशपथ. उजव्या हातानं. बोटात धरलंसा."

मी खाली बघितलं. पान बोटांत होतं. मी बघितलं तसं ते गळून पडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला कट्ट्यावरनं उठवून आपल्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत त्यानं कधी मांजरालाही बसू दिलं नव्हतं. माझा उजवा हात उचलून त्यानं दांड्यावर ठेवला, बोटं एकेक करून भोवती वळवली आणि म्हणाला, "ह्याच्याकडं बगायचं न्हाय. तिकडं बगा. बेडूक आला की दाबा." मी म्हटलं, मला असली थेरं नकोत. तो म्हणाला, "बारका तुमच्या भरवशावर हाय. मी गेलो चा प्यायला." आणि खरंच उठून दारापर्यंत गेला.

बारका त्याच दिवशी मेला.

मला वाटलं, आता हा नेहमीसारखं सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून लावणार. त्यानं हात पुढं केलाही होता. मग माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं. हात घामानं थबथबला होता, आणि एक बोट, घोड्यावरचं, आपोआप हलत होतं. त्यानं आपला हात मागं घेतला. "राहू दे," म्हणाला. "पुढं बगू काय दाखवत्यात ते." पुन्हा पुन्हा तीच लढाई लढायला लावली तर मी दांडा फेकून घरी जाणार, पण पुढं काय झालं हे कळायचं असेल तर उद्या येणार, हे त्यानं ओळखलं होतं. बारक्याची पेटी आकाशात गेली. मास्तर उभा होता, नाक ओढत होता.

संध्याकाळी त्यानं चूल पेटवली नाही. जावेनं विचारलं तर म्हणाला, "बारका गेला." जावेच्या ते लक्षात आलं नाही, तिनं शेजारणीला सांगितलं की दादाकडं कुणीतरी गेलंय, कोण ते नीट सांगत नाही. आमच्याकडं एखाद्याच्या घरी चूल बंद असली की कोण गेलं हे विचारायच्या आधी पिठलं-भाकरी जाते. तीन घरांतनं पिठलं आलं. कोपऱ्यातल्या म्हातारीनं तर दारातच बसून गळा काढला, "कसं रं गेलास लेकरा, कोवळ्या वयात!" पोटभर रडून झाल्यावर तिनं विचारलं, "पर कोण गेलं म्हनायचं?" मास्तरनं पडद्याकडं बोट दाखवलं. म्हातारीनं डोळे पुसून नीट बघितलं. "आत्ता गं बया! ह्यो तर गोरा हाय!" मग तिलाही बारका आठवला, आणि ती पुन्हा रडली, ह्या खेपेला खरं. पिठलं मास्तरनं खाल्लं. गूळ आणि तेल मात्र त्यानं सुतकासारखं काही दिवस वर्ज्य केलं.

मग रांगच लागली. दाढीवाला गेला, कारण मला डावीकडं ओढणारं विमान सांभाळता येईना. रुसका गेला तेव्हा जाऊ माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मेस्त्रीणबाई लढायला जात नसे, पण मी एक बॉम्ब अडवू शकले नाही आणि जहाजाची ती बाजूच जळली. प्रत्येक खेपेला मास्तर शेजारी स्टुलावर बसून वेग सांभाळायचा, आणि "तिकडं बगा आक्का, वर, वर" असं म्हणत राहायचा. आपली माणसं जाताना त्याचा चेहरा असा व्हायचा की मलाच दांडा टाकावासा वाटायचा. एकदा मी म्हटलंही, "पुरे. तुझी माणसं मारायला मी कशाला बसू?" तो म्हणाला, "आज तुमी दांडा मुठीत धरलाय. काल नुसता हात ठेवलेला. उगा गप बसा आणि बेडूक बगा."

त्यानं बरोबर बघितलं होतं. आधी घोड्यावरचं बोट आलं, मग मूठ आली, मग मनगट वळायला लागलं. एका सकाळी मी उजव्या हातानं तोंडात घास घातला. अर्धा पदरात पडला, पण अर्धा तोंडात गेला. मग निऱ्या. त्या दिवशी जाऊ नेसवायला आली तेव्हा मी दाराला कडी लावली होती. बाहेरून ती हाका मारत होती आणि मी आत एका चुकीच्या निरीसाठी पुन्हा सगळं सोडून पहिल्यापासून घालत होते. डॉक्टरनं हात धरून बघितला, 'दाबा' म्हणाला, मी दाबला, तर त्यानं चटकन आपला हात सोडवून घेतला. "काय केलंत हो आजी?" मी म्हटलं, "विमान चालवलं." तो हसला. म्हणाला, "चालवत राहा."

मी चालवत राहिले, आणि आम्ही पृथ्वी घालवली. कोण जाणे कुठल्या वाटेनं गोष्ट वळत वळत शेवटच्या तबकडीवर आली. मास्तरनं ती तबकडी डब्यातून काढली तेव्हा ती अगदी नवीकोरी चमकत होती. हरल्यावर काय दाखवतात, हे त्यानं तोवर कधी बघितलंच नव्हतं. जहाज रिकामं होतं. जेवायच्या लांब टेबलाशी कप्तान एकटाच बसला होता. त्यानं आपल्याकडं बघितलं, पण ह्या वेळी काही विचारलं नाही. बायकांचे हात थांबले होते. विड्या वळताना आमचे हात थांबलेले मी तेवढेच बघितले. मास्तर उभा राहिला, पडदा काळा होईपर्यंत उभाच होता. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "चा करा आक्का. उजव्या हातानं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानं खोली सोडली. सदलग्याला थोरला भाऊ थकला होता, शेताकडं बघायला कुणीतरी पाहिजे होतं. टेम्पोत यंत्र घालून तो गेला. कट्टा आहे, सावलीही आहे, पण आता तिथं बायका मोबाईलवर काहीबाही बघतात आणि प्रत्येकीचं वेगळं चालू असतं. मी विड्या वळते. पूर्वीसारख्या नव्हे, चार वळल्या की एक खराब म्हणून परत येते. पण माझं लुगडं मी नेसते.

मागच्या महिन्यात जाऊ म्हणाली, "दादा खेळत न्हाय. गेल्यापास्नं हातच लावला न्हाय त्येला." मला खरं वाटेना. ज्या माणसानं दसरा सोडून एक दिवस खाडा केला नाही, तो खेळत नाही? मी सकाळची गाडी धरली. दांडी धरून चढले, उजव्या हातानं.

तो अंगणात शेंगा वाळत घालत होता. म्हाताऱ्यासारखा दिसला. यंत्र आतल्या खोलीत पोत्यांच्या शेजारी होतं, वर जुनं धोतर पांघरलेलं.

"खेळत न्हाईस म्हणं."

"डोळं दुखत्यात."

"खोटं बोलू नगंस. तुझी ती जुनी माणसं हाईत न्हवं आत? मी बसायच्या आदीची, समदी जित्ती? राखून ठेवलंयस म्हणालतास."

"हाईत."

"मग?"

त्यानं अजून दोन मुठी शेंगा पसरल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आक्का, ती माणसं गेली तसा तुमचा हात आला. एकेक गेला आणि एकेक बोट आलं. मी बगत होतो न्हवं शेजारी बसून. आता मी ती समदी परत उठवली तर? कोण सांगावं."

"येडा हाईस."

"व्हय. पर हात तुमचा हाय. माझा असता तर खेळलो असतो."

मी आत गेले आणि धोतर ओढून काढलं. यंत्र सुरू करताना त्याला मी इतकी वर्षं बघितलं होतं, मला ते पाठ होतं. तो दारात येऊन "नको, आक्का, नको" म्हणत राहिला. खरं सांगायचं तर दांड्यापाशी नेलेला हात मीही एकदा मागं घेतला. देवाधर्माचं मी फारसं मानत नाही, पण तो हात फार मेहनतीनं परत आलेला आहे. तरी लावला. पडद्यावर राखून ठेवलेल्या जुन्या लढाईच्या ओळीवर नेलं आणि घोडा दाबला.

जहाज आलं. लांब टेबल आलं, आणि टेबलाशी सगळे. बारका काहीतरी बोलून स्वतःच हसला. दाढीवाल्यानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. रुसका भिंतीला टेकून उभा. मेस्त्रीणबाई हात पुसत आत आली. मी खुर्चीत बसून त्यांच्याकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं मान वळवली, तर मास्तर आत येऊन स्टुलावर बसला होता आणि पडद्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो माझा हात बघत होता, दूध उतू जाईल म्हणून चुलीवरच्या भांड्याकडं बघावं तसा.

त्याच्या भावजयीनं चहा आणला. मी त्याच हातानं कप उचलला. थोडा बशीत सांडला.

"सांडला!" तो ओरडला.

"रोजच सांडतोय रं," मी म्हटलं. "मी चार महिन्यांचं पोरगं असल्यागत करू नगंस. ये, बस हितं."

मी चहा पिऊन उठले. तो खुर्चीत बसला, हळूच, ती दुसऱ्याची असल्यासारखा. माझ्यासारख्या बाईला आभार मानता येत नाहीत, आणि त्यालाही ते ऐकून घेता आले नसते. मी नुसतं "येते" म्हटलं. भावजयीनं शेंगांची पिशवी दिली, ती मी उजव्या हातात घेतली. अंगण ओलांडताना आतून त्याचा आवाज आला. तो त्या लोकांशी मराठीत बोलत होता, इतके दिवस आपण कुठं होतो ते सांगत होता. मला थांबून ऐकायचं होतं. पण पाय अजून ओढतच चालतो, आणि निपाणीची गाडी कुणासाठी उभी राहत नाही.